मिठाचं सांगजा बरं

डाव्या तळहातावर पळीने डाळीचा थेंब सोडायचा, तो जिभेच्या टोकाने टिपायचा, मान वर करून क्षणभर पंख्याकडे बघायचं आणि मग निकाल द्यायचा. आक्का स्वयंपाक चाखायच्या त्या अशा. निकाल बहुतेक वेळा एका शब्दाचा असे, "जमलं." नाही जमलं तर चिमूटभर मीठ पडायचं, पळी फिरायची आणि पुन्हा तळहात, पुन्हा पंखा. एवढं करूनही ताटं वाढताना प्रत्येकाला सांगणं असेच, "मिठाचं सांगजा बरं." आम्ही माना डोलवायचो आणि जेवायला लागायचो. सांगण्यासारखं काही नसायचंच.

तुमच्यापैकी ज्यांनी घर सोडून परमुलखात नोकरी केली आहे, त्यांना खानावळवाल्या बाईचं महत्त्व मी काय सांगावं! मी सिल्वासाला सरकारी शाळेत मराठी शिकवतो. बायको चिपळूणला, तीही शाळेतच नोकरीला, त्यामुळे आमचा संसार सुट्टीतला. पहिल्या वर्षी स्वतः भात लावून पाहिला. तो शेजाऱ्यांच्या कुत्र्यानेही खाल्ला नाही, तेव्हा कोणीतरी मला आक्कांच्या खानावळीचा पत्ता दिला.

खानावळ म्हणजे सिल्वासाहून खेरडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आम्ही, मागच्या खोलीत चूल-शेगडी आणि आक्का. जेवणारे बहुतेक धुळे, नंदुरबार, जळगावकडचे, इथल्या सुताच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे. त्या घोळक्यात मी एकटा कोकणी. पहिल्या दिवशी शेवभाजीचा घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, जेवून राहिले का परीक्षा देऊन राहिले?" सगळी पंगत खो खो हसली. मी मनातल्या मनात ठरवलं की उद्यापासून यायचं नाही. दुसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून गेलो, तर माझ्या ताटात बिनतिखटाची वेगळी वाटी होती. ती पुढे कितीतरी वर्षं, न चुकता, होती.

त्यांचा आणखी एक नेम होता. जेवणाऱ्याला पाणी मागायची वेळ येऊ द्यायची नाही. तुम्ही पाट ओढून बसलात की पेला भरलेला. अर्धा झाला की पुन्हा भरलेला. भट्टीसारख्या शेडमधून सुटून आलेली माणसं ती, आधी पाणी प्यायची, मग ताटाकडे बघायची. आक्का तांब्या घेऊन पंगतीमागून फिरत आणि कोणी तोंडाने पाणी मागितलंच तर त्यांना ओशाळल्यासारखं होई.

आक्कांचे यजमान यार्न कंपनीत मशीनवर होते. आक्का आमची बहीण, म्हणून ते आमचे दाजी. दाजी बोलायचे फार कमी. शिफ्ट संपवून आले की कोपऱ्यात बसून कांदे चिरायचे आणि आक्का सगळ्या दिवसाची हकीकत त्यांना सांगायच्या. त्यांनी फक्त "हूं" म्हणायचं. पण त्या "हूं"मध्ये काही कमी-जास्त झालं तर आक्कांना लगेच कळे.

दुखणं आलं ते पायांतून आलं. आक्कांची जोडवी बोटांत रुतायला लागली. त्या म्हणाल्या, उभं राहून राहून सूज आहे. मग भाकरी थापताना धाप लागायला लागली. त्या म्हणाल्या, या कंपन्यांच्या धुराने आहे. मग रात्री आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून त्या भिंतीला टेकून बसून झोपायला लागल्या, तेव्हा मात्र दाजींनी शिफ्ट बुडवली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे कळलं की वर्षानुवर्षं अंगात दडून राहिलेल्या रक्तदाबाने दोन्ही किडन्या निकामी केल्या होत्या. अंगातलं पाणी बाहेर पडत नव्हतं, ते सगळं हृदयावर येत होतं. ते ओढून ओढून हृदय फुगलं होतं आणि थकलं होतं.

हे आम्हाला डॉक्टरांच्या भाषेत कळलं नाही. आक्कांनीच समजावून सांगितलं, डाळ वाढता वाढता. "घरात मोठी जाऊ अंथरुणाला खिळली, की तिचं काम कोणावर पडतं? धाकटीवर. ती काही बोलत नाही, करत राहते. अन् एक दिवस तिचंबी कंबरडं मोडतं. माझ्या छातीत ती धाकटी आहे." पंगतीतल्या निम्म्या जणांनी घास तसाच हातात धरला होता. आक्का म्हणाल्या, "जेवा रे, थंड होतंय."

मग डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी सकाळी त्या मशीनवर जायच्या, दुपारी येऊन पडायच्या. त्या दिवशी दाजी आणि कामाला लावलेली एक वारली बाई मिळून स्वयंपाक रेटायचे. बाकी दिवशी आक्का पुन्हा चुलीपुढे. दवाखान्यातली बाई त्यांना गुजरातीत बजावून सांगे, "बेन, पाणी ओछुं पीवानुं, मीठुं बंध." म्हणून दिवसभराचं मोजकं पाणी दाजी सकाळीच एका पितळी लोट्यात काढून ठेवायचे. चहा त्यातलाच, गोळ्या गिळायचं पाणीही त्यातलंच. लोटा संपला की दिवस संपला.

आणि ही बाई दिवसभर काय करायची? आम्हाला पाणी वाढायची. एप्रिल-मे मधला सिल्वासाचा उन्हाळा तुम्ही पाहिला नसेल तर बरंच आहे. स्वतःचे ओठ सुकून पांढरे पडलेले आणि तांब्या घेऊन पंगतीमागून फिरायचं. मी एकदा म्हटलं, आक्का, आम्ही घेऊ आमच्या हाताने. त्यांना राग आला. "का? मास्तर, माझा हात बी खराब झाला का?" पुढे मी तो विषय काढला नाही. पण मला त्यांच्यासमोर गटागटा पाणी प्यायची लाज वाटायची, आणि मी एकटाच नव्हतो. पंगतीतले पेले हळूहळू अर्धे भरलेलेच राहायला लागले.

चाखणंही त्यांनी सोडलं. दाजींचं म्हणणं, एका थेंबाने काय होतंय? पण आक्का ऐकेनात. थेंब चाखला की जीभ वाटी मागते, वाटी खाल्ली की घसा तांब्या मागतो, त्यापेक्षा थेंबच नको. शिजवलेल्या भाजीचं पाणी ज्या बाईने जन्मात कधी टाकलं नव्हतं, ती आता दवाखान्यात सांगितलं म्हणून स्वतःपुरती भाजी उकडून तिचं पाणी मोरीत ओतायची, उरलेला चोथा अळणीच खायची. खाताना त्या आमच्याकडे पाठ करून बसत.

तर मग चाखणार कोण? आक्कांनी रीतसर परीक्षा घेतली. एकेकाला आत बोलवून तळहातावर डाळ दिली. एकाला सगळंच चांगलं लागायचं, तो नापास. दुसरा म्हणाला त्याच्या आईच्या हातासारखी नाही, तोही नापास. माझी पाळी आलीच नाही. "मास्तर, तुम्ही राहू द्या, तुम्हाला नारळ घातला की सगळं गोड." शेवटी पास झाला बॉबिन.

बॉबिन म्हणजे शिरपूरकडचा एक तिशीतला माणूस, जवळच्या रांधा गावातल्या एका कंपनीत बॉबिन, म्हणजे सुताची रिळं, बदलायच्या कामावर, अंगानेही तसाच, म्हणून नाव बॉबिन. त्याने थेंब चाटला, मान वर करून पंख्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आक्का, अर्धी चिमूट." आक्कांनी अर्धी चिमूट टाकली. त्या दिवसापासून बॉबिन दहा मिनिटं आधी यायला लागला आणि आमच्या पोटाचा भार त्याच्या जिभेवर गेला. तो चाखायचा तेव्हा आक्का त्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहायच्या. त्याने गिळलं की यांचाही घसा हलायचा. आम्हाला ते बाहेरून दिसत नव्हतं, बॉबिनला अगदी जवळून दिसत होतं, त्यानेच ते पुढे सांगितलं.

दाजी आपली किडनी देणार होते. ही बातमी त्यांनी आम्हाला कशी सांगितली असेल? कोणीतरी लोणचं मागितलं, दाजींनी बरणी पुढे केली आणि म्हणाले, "माझी जुळतेय. अहमदाबादला करतात." एवढंच. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, पण त्यांनी हात वर केला. अडचण हृदयाची होती. ते इतकं थकलं होतं की ऑपरेशन त्याला झेपणार नाही असं डॉक्टर म्हणत होते. मात्र पाणी आणि मीठ अगदी ताब्यात ठेवलं, डायलिसिस एकही चुकवलं नाही, तर काही महिन्यांत त्याच्यावरचं ओझं उतरून ते सावरूही शकतं. मग पुन्हा तपासायचं. सावरलं तर ऑपरेशन, नाही तर नाही. "धाकटीला जरा उसंत द्यायची," आक्का आतून म्हणाल्या. त्यानंतर त्या लोट्यातल्या पाण्याकडे आम्ही सगळे वेगळ्याच नजरेने बघायला लागलो.

आणि अशा वेळी बॉबिनने ते मीठ आणलं.

वापीच्या मोठ्या दुकानातून आणलं होतं. पुडीवर लाल हृदयाचं चित्र. हृदयाच्या रोग्यांसाठी खास, नेहमीच्या मिठापेक्षा कमी खारं, असं दुकानातल्या माणसाने त्याला समजावलं होतं. बॉबिनचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. पुडी पंगतीत हातोहात फिरली, सगळ्यांनी वाखाणली. आक्कांचा अडलेला श्वास हृदयामुळेच, आणि हे मीठ तर हृदयासाठीच, मग यात शंका घेण्यासारखं कोणाला काही दिसलं नाही. दाजी तेवढे कामावर होते.

त्या दिवशी आक्कांनी स्वतःसाठी मुगाची खिचडी केली, त्यात ते मीठ घातलं आणि कितीतरी दिवसांनी तळहात पुढे केला. शीत टिपलं. मान वर गेली. पंख्याकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. "जमलं," त्या म्हणाल्या. मला फार आनंद झाला, खोटं का बोलू? मी बायकोला फोन करून ते सांगितलं.

काही दिवस आक्का पोटभर जेवल्या. चव आली म्हणून दोन घास जास्तच. मग एका दुपारी मी जेवत असताना आतून परात पडल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर आक्का भिंतीला टेकून बसलेल्या, पिठाने भरलेले हात मांडीवर पडलेले. म्हणाल्या, हात उचलत नाहीत. बॉबिनने मनगट धरलं, माझ्याकडे बघितलं आणि ते माझ्या हातात दिलं. नाडी इतकी सावकाश लागत होती की पुढचा ठोका येईपर्यंत माझाच जीव टांगणीला लागत होता. रिक्षा करून आम्ही दोघांनी त्यांना दवाखान्यात नेलं. दाजी कंपनीतून तसेच धावत आले, कानात कापसाचे बोळे, अंगावर सुताची कुसळं.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? बॉबिनने सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत, उलट खुर्ची ओढून बसले. त्या मिठाचं खारेपण कमी करायला त्यात दुसरा क्षार घातलेला असतो, पोटॅशियमचा. धडधाकट किडनी तो बाहेर टाकते. यांची टाकू शकत नाही, मग तो रक्तात साठत जातो आणि हृदयाचा ठेकाच चुकवतो. ज्याचं नुसतं हृदय दुखावलंय त्याला चालेल, पण ज्याचं हृदय किडनीपायी दुखावलंय त्याला ते विष आहे. लगेच मशीनवर घेतलं म्हणून आक्का वाचल्या. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. बॉबिन मध्येच उठला आणि गेला तो परत आला नाही.

दोन दिवसांनी आक्का घरी आल्या. बॉबिन खानावळीत आलाच नाही. फोन उचलेना. त्याच्या कंपनीतला एकजण म्हणाला, तो वडापाव खाऊन दिवस काढतोय, कोणाशी बोलत नाही. इकडे आमचे हाल. एक दिवस डाळ अळणी, दुसऱ्या दिवशी भाजी खारट ढोण. आक्का विचारायच्या, "मिठाचं सांगजा बरं." आणि आम्ही सगळे एका सुरात, "जमलं, आक्का." ताटात उरलेलं बघून त्यांना कळायचं नाही, असं थोडंच होतं?

एका रविवारी सकाळी मी पेपर वाचत होतो, तर आक्का माझ्या दारात. हातात डबा. म्हणाल्या, "मास्तर, स्कूटर काढा. रांध्याला जायचं." मी म्हटलं, आक्का, दाजींना माहीत आहे का? म्हणाल्या, दाजींनीच डबा भरला.

बॉबिनची खोली चाळीत सगळ्यात शेवटी होती. तिथपर्यंत चालताना आक्का वाटेत थांबत, भिंतीला हात लावून दम खात. दार उघडंच होतं. बॉबिन खाटेवर बसला होता, आम्हाला बघून उभा राहिला आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. तिशीतला माणूस, खांदे गदगदा हलत होते. म्हणत होता, मी मारलं असतं तुला, आक्का, मी मारलं असतं.

आक्का उंबऱ्यावर टेकल्या. श्वास लागला होता, बोलायला वेळ लागला. आमच्याशी त्या मराठीत बोलत, पण तेव्हा बोलल्या ते गावाकडच्या अहिराणीत.

"मन्ही जीभ गई, भाऊ. आते तूबी उपाशी ऱ्हाशी का? चाल, जेवाले चाल."

मग डबा उघडला आणि त्याच्यापुढे सरकवला. "डाळ आहे. चाख अन् खरं सांग. हे सगळे खोटं बोलून राहिले, मास्तरसुद्धा." बॉबिनने नाक पुसलं, बोट बुडवून चाटलं. मग म्हणाला, "आक्का, ही डाळ आहे का समुद्र?" आक्का हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि मी त्या चाळीत उभा राहून खुशाल रडून घेतलं.

त्यानंतर बॉबिन असा वागायला लागला की सासूही बरी. आक्कांच्या ताटात काय पडतंय यावर त्याचा आणि दाजींचा दुहेरी पहारा. नारळपाण्यातही तोच क्षार असतो, नव्या कोणा माणसाने कौतुकाने ते आणलं, तर बॉबिन ते दारातच अडवायचा आणि स्वतः पिऊन टाकायचा. उन्हाळा गेला, पाऊस गेला. आक्कांची जोडवी पुन्हा बोटांत फिरायला लागली. एक दिवस भिंतीची उशी सोडून त्या आडव्या झोपल्या, तर घाबरून दाजीच रात्रभर जागे राहिले म्हणे. दिवाळीनंतर हृदयाची तपासणी झाली. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "सारुं छे, बेन. हवे ऑपरेशन थशे." आता ऑपरेशन होणार म्हटल्यावर दाजी तिथून थेट खानावळीत आले आणि कांदे चिरायला बसले. चिरता चिरता रडत होते, पण कांद्यावर ढकलता येत होतं.

अहमदाबादला ऑपरेशन झालं. दोघंही सुखरूप बाहेर आले. पण डॉक्टरांनी सांगितलं की आता गर्दी नको, धूळ नको, चुलीचा धूर तर नकोच, पाणी मात्र भरपूर प्यायचं. खानावळ बंद झाली. दोघं अमळनेरकडे आपल्या गावी गेले. त्या दोन खोल्यांत आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी डबा लावलाय. डबेवाल्याला माझी बिनतिखटाची वाटी माहीत नाही आणि मी सांगितलेलंही नाही, ती दुसऱ्या कोणाकडून मागावीशी वाटत नाही.

गावी जायच्या आधी भांडी न्यायला ते दोघं एकदा खानावळीत आले होते. आक्का तोंडाला फडकं बांधून दाराजवळ, वाऱ्याला बसल्या. रंग उजळला होता. स्वयंपाक आम्ही केला, म्हणजे बॉबिनने केला आणि आम्ही गोंधळ घातला. शेवटी तो पळी घेऊन आला. आक्कांनी फडकं खाली ओढलं, तळहात पुढे केला, थेंब टिपला, पंख्याकडे बघितलं.

"खारट," त्या म्हणाल्या.

बॉबिनने चाखलं, मी चाखलं. डाळ अगदी नीट होती. आक्का आमच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांच्या लक्षात आलं. इतके महिने अळणी खाऊन त्यांची जीभच बदलली होती. मला वाटलं आता त्यांना वाईट वाटणार. पण त्यांनी तळहात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "मग आता मिठाचं तूच सांगत जा, बॉबिन. माझं झालं." आणि पाणी मागितलं. आयुष्यभर लोकांना पाणी मागू न देणाऱ्या बाईने पाणी मागितलं, आणि आम्हा सगळ्यांची धांदल उडाली. बॉबिनने पेला काठोकाठ भरला.

आक्का तो पेला सावकाश, डोळे मिटून, सबंध प्यायल्या. मग पेला पुढे धरला. म्हणाल्या, "अजून."

शेजारी बसलेल्या दाजींचा हात सवयीने पुढे झाला, अडवायला. मध्येच थांबला. मग त्याच हाताने त्यांनी बॉबिनकडून तांब्या घेतला आणि स्वतः आक्कांचा पेला भरला.